दोन दिवसांची मजुरी



या व्यासपीठावर विद्वान बोलत आले आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेला, युनियनच्या कचेरीत सतरंजीवर बसून कायदा वाचलेला माणूस. ‘ख्रिस्ती माणसाची दया’ हा विषय चिटणिसांनी सुचविला, तेव्हा मी म्हणालो, तो पाळकसाहेबांना द्या. ते म्हणाले, “पाळकसाहेब चांगले सांगतील हे ठाऊक आहे. तुम्हाला काय जमले नाही, ते ऐकायचे आहे.” तेव्हा तेच सांगतो.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत माझे वडील होते. मी बारा वर्षांचा. त्या वर्षी आमच्या चाळीत दोन तऱ्हांची दया आली. एक गृहस्थ धान्य वाटायला आले. त्यांनी आम्हांला रांगेत उभे केले, उपदेशाचे चार शब्द सांगितले, आणि आईने मान खाली घालून पिशवी पुढे धरली. शेजारच्या मावशी मात्र संध्याकाळी हाक मारीत, “अगं, आज पुन्हा चार भाकऱ्या जास्त झाल्या बघ. शिळ्या होण्यापेक्षा पोरांना दे.” त्या बाईचा अंदाज रोजच कसा चुकत होता, हे मला मोठेपणी उमगले. धान्य वाटणारे गृहस्थ आमच्याच मंडळीतले, ख्रिस्ती होते. मावशी नव्हत्या.

प्रभू येशूने सांगितलेल्या गोष्टीतही असेच आहे. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या ओसाड वाटेवर एक माणूस लुटला जाऊन अर्धमेला पडलेला. याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक संबंध ठेवीत नसत. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार देऊन सांगितले की, अधिक लागले तर परत येताना फेडीन. दीनार म्हणजे किती, हे मी शोधले. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात ती एका दिवसाची मजुरी आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि वर उघडे खाते! बदल्यात त्याने काहीही मागितले नाही.

इथे कोणाच्या मनात येईल, ‘तुमच्या दयेमागे धर्मांतर असते, त्याचे काय?’ हा प्रश्न जुना आहे. १८९३ साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाविषयी तो उठला, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणल्या, केडगावला त्यांना आसरा दिला, हाताला काम शिकविले. ते काम थोर होते, आणि प्रश्नही गैर नव्हता. माझे उत्तर एवढेच, की दयेच्या बदल्यात काही मागू नये. ना धर्म, ना नाव, ना वर्गणी.

वर्गणी म्हणालो, त्याला कारण आहे. एका कारखान्यातला एक कंत्राटी कामगार आमच्या सभेतल्या बातम्या कंत्राटदाराला पोचवीत असे. त्यापायी आमच्या दोघांचे काम गेले. पुढे प्रेसमध्ये त्याची बोटे तुटली. त्याची बायको कागद घेऊन माझ्याकडे आली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे नुकसानभरपाईच्या दाव्याला दोन वर्षांची मुदत होती. मी म्हणालो, “उद्या या.” असे तीनदा म्हणालो. भोगू दे, असे मनात होते.

त्या रविवारी उपासनेत हाच दाखला वाचला गेला. आजवर तो ऐकताना मी स्वतःला शोमरोनी समजत आलो होतो. त्या दिवशी, काखेत फाईल मारून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाणारा मीच मला दिसलो. सोमवारी त्याच्या घरी गेलो, बाईंची क्षमा मागितली आणि दावा दाखल केला. पैसे मिळाले. तो युनियनमध्ये आला नाही. अजूनही रस्त्यात भेटला तर मान वळवितो. मला वाईट वाटले, “एवढे करूनही?” या चार अक्षरांच्या ‘करूनही’पाशी माझी लबाडी उघडी पडली. मी दया केली नव्हती, उधारी दिली होती. आणि वसुलीला निघालो होतो.

मित्रहो, आम्ही युनियनवाले हक्काची भाषा बोलतो. माझे म्हणणे असे, की दयाही हक्कासारखीच द्यावी. घेणाऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे. हे मला अजून पुरते साधलेले नाही. पण कोणी उपाशी दारात आला, तर “चार भाकऱ्या जास्त झाल्या” एवढे खोटे बोलण्याची सवय मी लावून घेतो आहे. तेवढे खोटे प्रभू माफ करील, असा माझा विश्वास आहे.