मोटारसायकलीचे शॉकअप : रस्त्यावरचे आणि ट्रॅकवरचे



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर संत झाले, स्वराज्य झाले, शेती झाली, साहित्य तर झालेच झाले. आज आम्ही मोटारसायकलीच्या शॉकअपवर बोलणार आहोत. चालकांना विषय कळविला तेव्हा ते म्हणाले, "आपण कामगार चळवळीतले, वेतनावर बोला." वेतनावर आम्ही वर्षभर बोलतोच. परंतु मध्यंतरी आमच्यापुढे एक तंटा आला. तो सोडविताना आम्हांला जे शिकावे लागले ते ह्या दोन जिल्ह्यांतल्या घराघरांतून सांगितले पाहिजे, असे आम्हांस वाटले. कारण आज मोटारसायकल नाही असे घर नाही, आणि ती वेगाने हाकणारा मुलगा नाही असे घर फार थोडे आहे.

तंटा असा. लातूरचा एक तरुण. घरची स्थिती बेताची. नोकरी लागल्यावर हप्त्यांनी गाडी घेतली. त्याला वेगाचा नाद. पण मुलगा विचारी. लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या आणि मध्येच आडवे येणारे गुरू ह्यांच्यात जीव घालण्यापेक्षा पैसे साठवून दक्षिणेतल्या बंदिस्त ट्रॅकवर जावे, असे त्याने ठरविले. तेथे 'ट्रॅक डे' म्हणून प्रकार असतो. ती शर्यत नव्हे. शुल्क भरावे, चामड्याचा पोशाख आणि हेल्मेट घालावे, आणि नेमून दिलेल्या वेळात आपलीच रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर चालवून शिकावे. समोरून कोणी येत नाही, आणि पडल्यास रुग्णवाहिका उभी असते.

जाण्यापूर्वी त्याने नांदेडच्या एका मिस्त्रीकडून गाडी तयार करून घेतली. हा मिस्त्री आमच्या संघटनेचा सभासद. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत, एका लांब वळणात मागचे चाक थडथडले, जमीन सोडून घसरले आणि मुलगा पडला. खांद्याचे हाड मोडले. वडील आमच्या कचेरीत आले. म्हणाले, "तुमच्या मिस्त्रीने माझा पोरगा मोडला, खर्च द्या." मिस्त्री म्हणाला, "साहेब, गाडी मी एक नंबर टाइट करून दिली होती. ह्यालाच चालवता येत नाही."

आता न्याय करायचा तर शॉकअप म्हणजे काय ते आधी कळले पाहिजे. आम्हांला ते येत नव्हते. गाडीबरोबर येणारे पुस्तक आणले, दोन-तीन जुने मिस्त्री बोलाविले, आणि रविवारचा अभ्यासवर्ग भरविला. तेथे उमजले ते सांगतो.

शॉकअपमध्ये दोन वेगळी यंत्रे एकत्र असतात. एक स्प्रिंग, दुसरे तेल. स्प्रिंग भार तोलते. पण नुसती स्प्रिंग म्हणजे पाळणा : एकदा झोका दिला की झुलतच राहणार. ते झुलणे थांबविण्याचे काम तेलाचे. हौदात हात घालून सावकाश हलवा, पाणी वाट देते. जोराने हलवा, पाणी अडविते. शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून जाताना हेच करते. दबताना होणारा विरोध वेगळा आणि उसळून वर येताना होणारा विरोध वेगळा. ज्या गाड्यांना स्क्रू दिलेले असतात, त्या स्क्रूने ही छिद्रे लहानमोठी होतात.

ह्या शॉकअपचे आणि आपल्या मराठवाड्याचे नाते जवळचे आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला 1985 पासून दुचाकींचा मोठा उद्योग उभा राहिला. गाड्या तेथे जुळतात आणि शॉकअप बनविणारे कारखानेही तेथेच आहेत. नांदेड-लातूरची कितीतरी मुले त्या कारखान्यांत काम करून आली. आपल्याच मुलांच्या हातांनी बनलेली वस्तू आपल्याला नीट लावता येऊ नये, ही गोष्ट आम्हांला लागली.

आता पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज. मागच्या शॉकअपवर जी कडी असते ती आवळली की स्प्रिंग कडक होते, असे सगळे समजतात. तसे होत नाही. समजा, एक स्प्रिंग 10 किलोला 1 सेंटिमीटर दबते. ती आधीच 2 सेंटिमीटर दाबून बांधली, तर पहिल्या 20 किलोपर्यंत ती हलणारच नाही; पण पुढच्या प्रत्येक 10 किलोला 1 सेंटिमीटरच दबेल. म्हणजे स्प्रिंगचा स्वभाव बदलला नाही. बदलली ती तिची बैठक. गाडी मागून उंच झाली, एवढाच त्याचा अर्थ. खरोखर कडक स्प्रिंग हवी असेल तर दुसरी स्प्रिंग घ्यावी लागते.

मग बैठक किती असावी? हे मोजता येते आणि त्याला टेपाखेरीज काही लागत नाही. मागचे चाक अधांतरी ठेवून आसापासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. मग गाडी चाकांवर उभी करून तेच अंतर घ्यावे. मग स्वाराने पूर्ण पोशाख घालून, नेहमीच्या पद्धतीने बसून, तिसऱ्यांदा घ्यावे. पहिल्यातून तिसरे वजा केले की स्वारासह गाडी किती बसते ते कळते. चाकाची एकूण हालचाल 120 मिलिमीटर असेल, तर रस्त्यावर तिचा सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे 40 च्या आसपास, आणि ट्रॅकवर चौथा हिस्सा, म्हणजे 30 च्या आसपास, बैठक असावी. पुढच्या चाकालाही हाच हिशेब. गाडी नुसती उभी असताना मागून 5 ते 10 मिलिमीटर तरी बसली पाहिजे. स्वाराची बैठक बरोबर येते पण रिकामी गाडी मुळीच बसत नाही, असे झाले तर स्प्रिंग त्या स्वाराला नरम आहे असे समजावे.

कोणी विचारील, बसू कशाला द्यायची? रस्त्यावर उंचवटा असतो तसा खळगाही असतो. उंचवट्यावर चाक वर यावे लागते, खळग्यात खाली उतरावे लागते. उतरायला जागा राखून ठेवली नाही तर चाक हवेत राहते. आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण धरता येते.

ट्रॅकवर बैठक कमी का, ह्याचेही कारण आहे. गाडी वळणात 45 अंश झुकली की शॉकअपवरचा भार सुमारे 1.4 पट होतो. गाडी आणि स्वार मिळून 240 किलो असतील, तर शॉकअपला ते 340 किलोंसारखे वाटतात. शिवाय जोराचा ब्रेक दाबला की सारा भार पुढे धावतो आणि पुढचे फोर्क खाली बसतात. तेव्हा तेथे गाडी थोडी ताठ हवी. पण थोडी!

आमचे रस्ते काळ्या मातीवरचे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचे डांबर लाटेसारखे होते. येथे ट्रॅकची मापे चालत नाहीत आणि ट्रॅकवर येथली चालत नाहीत. म्हणून जाताना बदलायचे आणि आल्यावर परत पहिल्यासारखे करायचे. हे दुसरे काम बहुतेक जण विसरतात.

दुसरी गोष्ट तेलाच्या स्क्रूची. उसळी रोखणारा स्क्रू तपासण्याची साधी रीत अशी : सीट जोराने दाबून सोडावी. ती एका दमात वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर विरोध कमी. रेंगाळत, आजाऱ्यासारखी वर आली तर विरोध जास्त. स्क्रू हलविण्यापूर्वी तो पूर्ण बंद होईपर्यंत किती टिचक्या वाजतात त्या मोजून लिहाव्यात. नाहीतर परतीची वाट राहत नाही. ज्यांच्या पुढच्या फोर्कला स्क्रूच नाहीत, त्यांनी निदान ऑइल सील गळते का ते पाहावे आणि तेल वेळेवर, कंपनीने सांगितलेलेच घालावे. फोर्कच्या नळीवर प्लॅस्टिकची एक पट्टी बांधावी. जोराच्या ब्रेकनंतर ती जेथे सरकलेली दिसेल तेथपर्यंत फोर्क दबला. थोडी जागा शिल्लक असावी. पार तळाला टेकला तर काहीतरी चुकले आहे.

आणि ह्या सगळ्याच्या आधी टायरची हवा. टायर थंड असताना, नेहमीच्या एकाच मापकाने, टायरच्या कंपनीने ट्रॅकसाठी सांगितली असेल तेवढी. फेऱ्या मारताना टायर तापतो आणि हवेचा दाब वाढतो. हवा चुकीची असेल तर शॉकअपवर केलेली मेहनत व्यर्थ. त्याचप्रमाणे हँडलचे बेअरिंग ढिले नाही ना, आणि स्वार बसल्यावर चेन ताणली जात नाही ना, हेही पाहावे. मग ट्रॅकवर एका वेळी एकच बदल करावा, दोन-तीन फेऱ्या माराव्यात, लिहून ठेवावे. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एवढे शिकून आम्ही तंट्यातली गाडी कचेरीसमोर उभी केली आणि सर्वांदेखत मापे घेतली. मुलाचे वजन 58 किलो. तो पोशाखासह बसला तेव्हा गाडी मागून 14 मिलिमीटर बसली. नुसती उभी असताना शून्य. उसळीचा स्क्रू पूर्ण बंद. हवा दोन माणसे बसवून लांबच्या प्रवासाला जावे एवढी. म्हणजे खळगा आला की चाकाला उतरायला जागा जवळजवळ नव्हती, आणि होती तेवढ्यात तेल उतरू देत नव्हते. चाक थडथडले नसते तरच नवल!

मिस्त्रीचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "साहेब, पोरगं म्हणालं रेसची करून द्या. आमच्याकडं रेस म्हणजे टाइट. मला कुणी शिकवलंय?" हे वाक्य आमच्या वर्मी लागले. हा माणूस बाराव्या वर्षापासून पाना धरतो आहे. आम्ही त्याच्या मजुरीसाठी भांडलो, दुकानाच्या जागेसाठी भांडलो, पण त्याच्या हातात मापाची टेप आणि वही द्यावी हे वीस वर्षांत आमच्या मनात आले नाही. मुलगाही निर्दोष नव्हता. हजारो रुपये पोशाखावर घालताना शॉकअपची कडी कोठे होती आणि कोठे नेली, हे त्याने विचारले नाही. चुकीचे वाटेकरी तिघे निघाले आणि तिसरे आम्ही.

निवाडा सर्वसंमतीने झाला. मिस्त्रीने गाडी मजुरी न घेता दुरुस्त करून मापाप्रमाणे लावून द्यावी. वडिलांनी औषधपाण्याचा दावा सोडावा. आणि संघटनेने दर महिन्याला एक रविवार मिस्त्र्यांचा वर्ग चालवावा. वडील उठताना म्हणाले, "दावा सोडतो, पण पोराला पुन्हा जाऊ देणार नाही." त्यावर मुलगा गप्प बसला. मिस्त्रीच बोलला : "काका, त्याला तिकडं जाऊ द्या. नाही गेला तर इथंच पळवील, अहमदपूरच्या रस्त्यावर." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात मुलगा जाऊन आला. जाताना बैठक 30 केली होती, स्क्रू मोजून उघडला होता. किती सेकंद वाचले ते आम्ही विचारले नाही. धडधाकट आला, एवढे पाहिले. आल्या दिवशी आधी गॅरेजात जाऊन त्याने गाडी रस्त्याच्या मापावर आणून घेतली आणि मग घरी गेला, हे आम्हांला अधिक आवडले.

आपल्याकडे गोल फिरायला जागा म्हणजे सोळा रस्ते मिळतात ती लातूरची गंजगोलाई. तेथे वेग आजमावू नये हे सांगायला नको. देशात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइमतूरला, ग्रेटर नोएडाला मोठे ट्रॅक आहेत. ग्रेटर नोएडाला 2023 साली मोटारसायकलींची जागतिक शर्यतही झाली. पण मद्रासकडे हा खेळ सुरू झाला तो शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठा ट्रॅक आम्ही मागत नाही. सुटीच्या दिवशी एखादे बंद, मोकळे मैदान, एक जाणता शिक्षक आणि एक रुग्णवाहिका एवढे आपल्या दोन्ही शहरांना मिळाले, तर ब्रेक आणि वळण शिकायला मुलांना हजार किलोमीटर जावे लागणार नाही. ही मागणी आम्ही येथे जाहीरपणे मांडतो. सभागृहातल्या वजनदार मंडळींनी ती पुढे न्यावी.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलाला "हळू चालव" असे आपण रोज सांगतो, सांगतच राहावे. पण एखाद्या रविवारी त्याच्या गाडीजवळ टेप घेऊन उभे राहा, त्याला वर बसवा आणि अंतर मोजा. मिस्त्रीलाही बोलवा, आणि त्याच्या त्या तासाची मजुरी द्या. ज्ञानाची मजुरी द्यायची सवय आपल्याला अजून लागायची आहे. मापे एका कागदावर लिहून सीटखाली ठेवा. आमच्या वर्गातली वही मी बरोबर आणली आहे. ज्यांना मापे उतरवून घ्यायची असतील त्यांनी सभा संपल्यावर आमच्याकडे यावे.