परसातली पहिली कोंबडी

धारवाडजवळच्या बेलूरला औद्योगिक वसाहत झाली आणि कामानिमित्त आलेल्या कितीतरी कुटुंबांनी आसपास घरं बांधली. घरामागे थोडी मोकळी जागा असली, की चार कोंबड्या पाळाव्यात असं वाटतंच. मग प्रश्न येतो, जात कोणती घ्यायची?

मी माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्या वर्षी सुधारित जातीच्या पाच-सहा तलंगा घ्या आणि त्यांच्या सोबतीला एक जवारी, म्हणजे देशी कोंबडी. कोंबडा नको. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही, तो लागतो फक्त पिल्लांसाठी. शेजारी भिंतीला भिंत लागून असतील, तर पहाटे चारच्या आरवण्यावरून होणारी कुरबुरही टळते.

सुधारित जात म्हटलं, की आपल्या भागात पहिलं नाव निघतं गिरिराजाचं. बेंगळुरूच्या हेब्बाळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ही जात तयार झाली, 1989 च्या सुमारास ती शेतकऱ्यांच्या हाती आली आणि पुढे महाराष्ट्रातही घरोघर पोचली. जवारी कोंबडी वर्षाला साठेक अंडी देते. गिरिराजा नीट सांभाळली तर 130 ते 150 देते. अंगानं भरदार, रंगानं जवारीसारखी, उकिरडा उकरून किडे-मुंग्या खाणारी. पण हे भरलेलं अंगच तिला कधी कधी नडतं. मुंगूस किंवा भटकं मांजर आलं, तर जवारी फडफडत पेरूच्या फांदीवर जाऊन बसते. गिरिराजाला तेवढं जमत नाही.

म्हणून अंड्यांसाठीच पाळायचं असेल, तर मी स्वर्णधाराकडे झुकते. ही जातही बेंगळुरूचीच, 2005 ची. अंगानं गिरिराजापेक्षा हलकी, त्यामुळे धोका दिसला की चपळाईनं पळते आणि वर्षाला 180 च्या आसपास अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा आणि ग्रामप्रिया याही चांगल्या. वनराजा अंडी-मांस दोन्हींसाठी, ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. या चारांपैकी जी जवळच्या सरकारी केंद्रात किंवा खात्रीच्या उबवणी केंद्रात मिळेल ती घ्या. एकीसाठी अडून बसण्याइतका फरक नवशिक्याला पडत नाही.

आता जवारी कशाला? या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. अंडं घातलं, की उठून चालू लागतात. जवारी खुडूक झाली, की तिचं रूपच पालटतं. पिसं फुलवून बसते, जवळ हात नेला तर गुरगुरते, चोच मारते. टोपलीत भाताचं तूस घालून दहा-बारा अंड्यांवर तिला बसवा. दिवसातून एकदा उठेल, दाणा-पाणी करेल, विष्ठा टाकेल आणि अंडी गार व्हायच्या आत परत येऊन बसेल. एकविसाव्या दिवशी पिल्लं. आपल्याकडे कोंबडा नाही, तेव्हा कोंबडा असलेल्या घरून फळलेली जवारी अंडी मागून आणायची. गिरिराजाची अंडी उबवून गिरिराजाच मिळेल, या आशेवर राहू नका. संकराचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात.

मी तलंगा म्हणते, एक दिवसाची पिल्लं म्हणत नाही, त्यालाही कारण आहे. पिल्लं स्वस्त पडतात, पण त्यांत बहुधा निम्मे नर निघतात. पहिल्या आठवड्यात त्यांना 95 अंश फॅरनहाइटच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला पाचेक अंशांनी कमी करत न्यावी लागते. रात्री वीज गेली, की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. धारवाडच्या पावसाळी गारठ्यात नवख्या माणसाला हे झेपत नाही. त्यापेक्षा दसरा झाल्यावर दोन-अडीच महिन्यांच्या, लसी झालेल्या तलंगा आणा. डोळे टवटवीत, नाक कोरडं, शेपटीखालची पिसं स्वच्छ, एवढं बघून घ्या. शेपटीखाली घाण चिकटलेली असेल, तर ती घेऊ नका. बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं दिसतात, ती बहुधा अंड्याच्या जातीचे नर असतात. मुलांनी कितीही हट्ट केला तरी ती घेऊ नका.

कडकनाथबद्दल सगळेच विचारतात. झाबुआची ही काळी कोंबडी अस्सल आहे, 2018 मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिच्या नावावर पैसे गुंतवून 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडचे कितीतरी शेतकरी बुडाले. हौस म्हणून पुढे एखादी जोडी ठेवा. पहिल्या वर्षी अंड्यांसाठी ती नको.

जवारी कोंबडी दुसऱ्या घरून आणली, तर पंधरा दिवस वेगळ्या खुराड्यात ठेवा आणि मगच बाकीच्यांत सोडा. मानमोडीचा रोग एकदा शिरला, की अख्खं खुराडं रिकामं करतो. त्यावर औषध नाही, लस आहे. सातव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा आणि आठव्या आठवड्यानंतर इंजेक्शन. तलंगा घेताना यांपैकी काय झालं आहे, ते विकणाऱ्याला स्पष्ट विचारा आणि राहिलेलं पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पूर्ण करून घ्या. लसीची कुपी सहसा शंभराहून जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली, की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती फोडायला कोणी सहजी तयार होत नाही. तेव्हा गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी मिळून एकच दिवस ठरवा, सकाळी उन्हं चढायच्या आत सगळ्या कोंबड्या डालग्याखाली कोंडून ठेवा आणि लस आणायला जाणाऱ्याच्या हातात बर्फ घातलेला थर्मास द्या.