मुतखडा आणि दोन लेसर

एप्रिलच्या उन्हात द्राक्षाची खरड छाटणी करणाऱ्या नाशिककराचं पाणी घामावाटे जातं, लघवी दाट होते, मुतखड्याला निमित्त मिळतं. फोडायचा कशानं, जुन्या होल्मियम लेसरनं की नव्या थुलियम फायबरनं? थुलियमची तरंगलांबी १९४० नॅनोमीटर, होल्मियमची सुमारे २१००. थुलियमचा प्रकाश पाणी कितीतरी जास्त शोषतं, म्हणून खड्याचं पीठ बारीक पडतं. नॉर्वेतल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थुलियम सरस ठरला. पण २०२३च्या अमेरिकी चाचणीत त्याची गाठ सुधारित होल्मियमशी पडली आणि फरक जवळजवळ उरला नाही. मग नव्याचा खर्च कशाला? थुलियमच्या पातळ तंतूमुळे मूत्रमार्गातून घातलेली दुर्बीण मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात सहज वळते, हे खरंच. मात्र उष्णता वाढू नये म्हणून पाण्याचा प्रवाह सांभाळावा लागतो. आणि दोन सेंटिमीटरहून मोठा खडा तर बहुधा पाठीतून छिद्र पाडूनच काढतात.