दोन घरांमधले मूल
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील रुग्णालय प्रशासकांचे मनोगत)



जमाखर्चाची पत्रके आपल्यासमोर आहेतच. आम्ही वाणिज्य शाखेचे, आकड्यांत रमणारे. तथापि ज्याची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही, अशा एका दुखण्याविषयी आज चार शब्द बोलण्याची अनुमती असावी.

आपल्या बालरुग्ण विभागात रोह्याचा एक नऊ वर्षांचा मुलगा पोटदुखीसाठी वारंवार येत असे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सर्व तपासण्यांत काही दोष आढळेना. दुखणे शुक्रवारीच सुरू होते, हे प्रथम आपल्या परिचारिकाताईंच्या ध्यानात आले. आईवडील विभक्त, शनिवारी तो पेणला वडिलांकडे जाई. निघताना आजी बजावी, "तिकडे काही खाऊ नकोस." पेणला आत्या विचारी, "आई फोनवर कोणाशी बोलते?" पुढे पुढे "मला बाबा नकोत" हे वाक्य तो पाठ केल्यासारखे म्हणू लागला.

एकदा वडील चौकशीस आले असता, "केसपेपरवर आईची सही आहे" एवढे सांगून आपल्या खिडकीवरून त्यांना परत पाठविण्यात आले. त्यांना जाताना मुलाने पाहिले. ही चूक आम्ही आमच्याच नावे टाकतो.

एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणे, या प्रकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये एका विकाराचे नाव दिले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसूचीत मात्र त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळाले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका निकालात या प्रकाराची दखल घेतली. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, प्रत्यक्ष वर्तन तपासल्याविना कोणत्याही पालकावर असा शिक्का मारू नये, असे बजावले. हा इशारा महत्त्वाचा आहे. मारहाण पाहिलेले मूल पित्याला वा मातेला घाबरत असेल, तर ती पढवणूक नव्हे; तेथे मुलाचे संरक्षण हेच प्रथम कर्तव्य.

१८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोहोंच्या केंद्रस्थानी मुलाचे हित आहे. मूल कोणी जिंकायची वस्तू नव्हे. परंतु न्यायालयाची तारीख महिन्यांनी पडते आणि शनिवार दर आठवड्यास येतो. त्या शनिवारी काय बोलले जाते, हे घरच्यांच्याच हाती असते.

म्हणून आम्ही काही लहान बदल केले आहेत. बालरुग्णांच्या केसपेपरवर आता माता आणि पिता या दोघांचे दूरध्वनी क्रमांक घेतले जातात. न्यायालयाचा मनाई आदेश अथवा मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न नसेल, तर प्रकृतीची माहिती दोघांनाही दिली जाते. भेटीच्या वेळा वेगवेगळ्या ठेवण्याची सोय आहे. "तुला कोण जास्त आवडते?" हा प्रश्न मुलास कोणीही विचारू नये, अशी सूचना सर्व कर्मचाऱ्यांस दिली आहे. गरजूंना तालुका विधी सेवा समितीकडे पाठविले जाते. १९८७ च्या कायद्यान्वये महिला व बालकांना तेथे विनामूल्य विधी साहाय्य मिळते.

त्या मुलाच्या आईवडिलांना आपल्या डॉक्टरांनी प्रथम वेगवेगळे, नंतर एकत्र बसविले. त्यांचा संसार पुन्हा जुळला नाही आणि आमची ती अपेक्षाही नव्हती. पोटदुखी पूर्ण थांबलेली नाही. मात्र मागील खेपेस आईने स्वतः फोन करून वडिलांना बोलावून घेतले, आणि तपासणीच्या खोलीत तो दोघांच्या मधोमध बसला होता.

आपल्यापैकी अनेकजण कोणाचे तरी आजी-आजोबा, काका, मामा वा आत्या आहात. येत्या गौरी-गणपतीत असे एखादे मूल आपल्या घरी आले, तर दुसऱ्या घराविषयी त्याच्यासमोर वावगा शब्द निघू नये, एवढीच नम्र विनंती. या देणगीची पावती आम्ही देऊ शकणार नाही. पण तिचे मोल कोणत्याही देणगीहून कमी नाही.