तळीरामाच्या आधी पोहोचू या



'नशा करू नका' एवढ्याने मुले ऐकत नाहीत, हा आम्हा कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. म्हणून आम्ही १९१९ साली रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे 'एकच प्याला' वाचायला घेतो. सुधाकर बुद्धिमान वकील. त्याची सनद काही काळ रद्द होते, मन अपमानाने जळते आणि तळीराम पहिला पेला पुढे करतो. इथे वाचन थांबवून आम्ही विचारतो, "या क्षणी तुम्ही सुधाकरजवळ असता तर?" मुले बोलू लागतात. पेल्याच्या जागी गर्दची पुडी येते. नापास झालेला सोबती आठवतो. पुढे सिंधूचा संसार धुळीला मिळतो, तेव्हा व्यसन एकट्याचे नसते हे उपदेशाविना कळते. मित्रहो, तळीराम प्रत्येक वस्तीत आहे. खचलेल्या सोबत्यापर्यंत त्याच्या आधी आपण पोहोचू या.