परदेशी पालकत्व आणि बालकाचा हक्क



सातासमुद्रापलीकडील एखादा गृहस्थ दरमहा रक्कम पाठवितो आणि येथील एक मूल शिकते, ही रीत आपल्या वऱ्हाडास नवी नाही. 1899-1900 च्या दुष्काळात अकोल्यास अमेरिकन मिशनने अनाथ मुलांचा सांभाळ परदेशी देणग्यांवरच केला. त्या दयेने पुष्कळ जीव वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु दया आटली म्हणजे काय? 2017 साली कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेला, सरकारी परवानगीअभावी, भारतातील काम बंद करावे लागले. सुमारे दीड लाख मुलांचे साहाय्य थांबले. पुढे महामारी ऐन भरात असताना, सप्टेंबर 2020 मध्ये, परकीय देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली व एका संस्थेने दुसरीस असा निधी देण्यास मनाई झाली. मोठी संस्था पैसा आणी, खेड्यातील लहान संस्था तो मुलांपर्यंत नेई. ती साखळीच तुटली. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. माझ्या मते तिची वेळ निष्ठुर होती.

वकील या नात्याने एवढे सांगतो की, देणगी थांबली म्हणून त्या मुलास दात्यावर दावा लावता येत नाही. शासनाच्या बालसंगोपन योजनेचे तसे नाही. एक पालक गेला असला तरी अर्ज करता येतो. 2023 पासून दरमहा 2250 रुपये मंजूर होतात. अमरावती-अकोल्यातील ज्या विधवा भगिनींनी अद्याप अर्ज केला नसेल, त्यांनी पतीच्या मृत्यूचा दाखला घेऊन जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जावे. अर्जाची पोच मात्र लेखी मागावी.