ऑपरेशननंतरचा घास



 मणक्याच्या या परिषदेत भूलतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि वॉर्डातल्या सिस्टर एकाच सभागृहात बसल्या आहेत, याचा मला फार आनंद आहे. मानेच्या ऑपरेशननंतर रुग्णाला नीट गिळता यावे, ही या सगळ्यांचीच जबाबदारी आहे.

बटण लागत नाही, चालताना तोल जातो, अशी तक्रार घेऊन गडचिरोली, यवतमाळ, बालाघाटहून माणसे नागपूरच्या मेडिकल आणि मेयो रुग्णालयांत येतात. १९५०च्या दशकात स्मिथ, रॉबिन्सन आणि क्लोवर्ड यांनी घालून दिलेल्या वाटेने आपण मानेत समोरून जातो, दबलेला मज्जारज्जू मोकळा करतो. त्या वाटेवर श्वासनळी आणि अन्ननलिका बाजूला सारून धरावी लागते. पहिले काही दिवस घास अडकण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत ओसरतो, काहींचा मात्र महिनोन्महिने राहतो. एकाहून अधिक मणके, वरच्या पातळीवरचे किंवा दुसऱ्यांदा होणारे ऑपरेशन, वाढलेले वय असेल तर धोका जास्त.

बरेच काही आपल्या हातात आहे. त्या बाजूला धरणारा रिट्रॅक्टर मधूनमधून सैल करायचा. तो लावल्यावर श्वासनळीतल्या नळीच्या फुग्याचा दाब भूलतज्ज्ञांनी पुन्हा तपासायचा. शक्य तिथे पातळ प्लेट किंवा प्लेटविना बसणारा केज वापरायचा. हाड जुळवणारे बीएमपी मानेत वापरल्यावर घशाला जिवावर बेतणारी सूज येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच दिला होता. आणि गळा फुगतोय, श्वास लागतोय असे रात्री दिसले, तर तपासण्यांची वाट न पाहता टाके उघडायचे, हे ड्युटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

विदर्भापुरती एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे, ती खऱ्र्याची. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती पन्नी आपल्या अनेक रुग्णांच्या खिशात असते. वर्षानुवर्षांच्या खऱ्र्याने गाल आखडतात, तोंडात तीन बोटे जात नाहीत, आणि गिळणे ऑपरेशनच्या आधीच बिघडलेले असते. ते आधी तपासून नोंदवले नाही, तर नंतरच्या त्रासातला कोणता जुना आणि कोणता नवा, हे कळायचे कसे? भूल देतानाची अडचण निराळीच.

राऊंडवर आपण विचारतो, ‘‘जेवता ना?’’ रुग्ण मान डोलावतो. बाजूला बसलेली बायको सांगते, ‘‘भाकर सोडली यांनी, पेजच घेतात.’’ म्हणून प्रश्न नेमके हवेत. वाटीभर वरणभाताला किती वेळ लागतो? पाणी पिताना ठसका लागतो का? घास पाण्याने ढकलावा लागतो का? जेवल्यावर आवाज ओला होतो का? ऑपरेशनआधी, सुट्टी देताना आणि महिन्याने हेच विचारावे. गडचिरोलीच्या माणसाला तेवढ्यासाठी नागपूरला बोलावू नये, फोन करावा.

या दोन दिवसांत अशी छोटी प्रश्नावली मराठी, हिंदी आणि गोंडीत तयार व्हावी, ही स्वागत समितीची आपल्याला विनंती आहे.